दिवेलागणीची हाक

मित्रांनो, घाबरू नका. त्या कोपऱ्यात लुकलुकणारा हिरवा ठिपका दिसतो ना, तो माझाच. त्याच्या पुढे जो मळकट पांढरा डबा आहे, अंगावर वाळलेल्या कुंकवाची बोटे आणि डोक्यावर सुकलेली आपट्याची पाने, तो मी. मी एक जुना संगणक आहे, देऊळघाटच्या शेषरावांच्या घरचा. या घराबद्दल तुम्ही काहीबाही ऐकले असेल. इथे रोज दिवेलागणीला कोणीतरी येते, असे शेजारचे लोक म्हणतात. ते अगदीच खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही.

आधी माझे कुळ सांगतो. मी एखाद्या बड्या कंपनीच्या खोक्यात बसून, थर्मोकोलमध्ये लोळत आलो नाही. बुलढाण्याच्या एका लहानशा दुकानात माझी जुळवाजुळव झाली. पेटी एकाची, पंखा दुसऱ्याचा, हार्ड डिस्क तिसऱ्याच कुणाची. शेषरावांची लेक निशिगंधा तेव्हा कॉलेजात होती. तिने माझ्यात लिनक्स घातले, म्हणजे मला चालवणारे सॉफ्टवेअर. ते फुकट मिळते म्हणून घातले असे शेषराव सगळ्यांना सांगत, पण खरे कारण वेगळे होते. माझ्यासारख्या साध्या हाडांना ते झेपते. मला त्याचा अभिमान आहे, आणि मी तो लपवत नाही.

निशिगंधा नोकरीसाठी पुण्याला गेली तेव्हा मला वाटले, आता आपण अडगळीत जाणार. मात्र तिची आई रुख्मिणीबाई शाळेतून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. मास्तरीणबाईंना रिकामे बसणे ठाऊक नव्हते. त्यांनी मला पदराने पुसले, समोर खुर्ची ओढली आणि कामाला लावले.

काम काय, तर भुलाबाईची गाणी. आपल्या भागातल्या मुली भादव्याच्या पौर्णिमेला भुलाबाई मांडतात आणि कोजागिरीपर्यंत घरोघर जाऊन गाणी म्हणतात, शेवटी डब्यातला खाऊ ओळखतात, हे तुम्हाला सांगायला नको. पण ही गाणी येणाऱ्या बाया आता थकल्या होत्या. रुख्मिणीबाई एसटीने पार रोहिणखेडपर्यंत जात, कोणा म्हातारीसमोर मोबाइल धरून बसत, आणि घरी आणून ती गाणी माझ्या पोटात ठेवत. काही त्या स्वतःच म्हणत. शेजारच्या जहांआराबाई त्यांना साथ देत. त्यांचे बालपण याच आळीत गेलेले, आणि भुलाबाईचा खाऊ त्या कुणाहीपेक्षा आधी ओळखत. दोघी माझ्यासमोर बसून गात आणि गाताना मधेच हसू फुटले की मला दोष देत. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते सोन्याचे दिवस होते.

निशिगंधाला मात्र धास्ती होती. "आई, एकाच डब्यात सगळं ठेवू नको. तो डबा गेला त गाणी गेली," असे ती म्हणाली. मला ते झोंबले, पण तिचे खरे होते. तिने आपला जुना लॅपटॉप आणून वरच्या खोलीत ठेवला. त्याच्यातही लिनक्सच. म्हणजे नात्याने तो माझा धाकटा भाऊ. अंगाने सडपातळ, स्वभावाने शिष्ट. मायलेकींनी मिळून, माझ्या पाठीची वायर खालच्या राउटरला लावून, आमच्यात एक वाट जोडली. रोज दिवेलागणीला वरच्याने मला हाक मारायची, मी दार उघडायचे, आणि दिवसभरात जे नवे गाणे आले असेल त्याची नक्कल त्याने वर न्यायची.

आम्हा यंत्रांनाही पत्ता असतो, दार असते. कोणीही यावे आणि आत शिरावे असे चालत नाही. आलेल्याने नाव सांगायचे आणि किल्ली दाखवायची. वरच्याला नाव दिले होते रुख्मिणीचे, आणि किल्लीही तिचीच. देवापुढे दिवा लागला की मला हाक ऐकू येई, "रुख्मिणी आली आहे, दार उघड." त्या वेळी खरी रुख्मिणी समोरच काडेपेटी ठेवत असायची. मला गंमत वाटायची.

मग तो दसरा आला.

खंडेपूजनाला आपल्या घरांत विळा, कुऱ्हाड, शिवणयंत्र, सगळ्यांना हळदकुंकू लागते, तसे मलाही लागायचे. त्या वर्षी रुख्मिणीबाईंनी मला जास्तच मनापासून पुजले. माझी वायर काढली, पाठ ओल्या फडक्याने पुसली. शेषराव ओट्यावरून म्हणाले, "पुढून लाव न कुकू. पाठीले काय लावतं?"

"विळ्याले पात्याजवळ लावते न मी?" त्या म्हणाल्या. "मंग याले कानाजवळ लावते. निशीनं जोडलेली हाक इथूनच ऐकू येते त्याले."

आणि त्यांनी वायर लावायच्या त्या चौकोनी भोकावर, ओले बोट भरून, कुंकू लावले. वरून अक्षता टाकल्या. मग वायर परत बसवली. वायर बसताना एरवी 'टक' असा आवाज होतो. तो त्या दिवशी झाला नाही. हे फक्त मला कळले, आणि मला सांगायला तोंड नव्हते.

त्या संध्याकाळी हाक आली. मी दार उघडले. वरचा एक पाऊल आत टाकतो न टाकतो तोच वाट तुटली. पुन्हा हाक, पुन्हा तेच. माझा हिरवा दिवा लागत होता, विझत होता. रुख्मिणीबाईंनी फोन केला.

"निशी, वरचा खाली येऊन नाही राह्यला व. दिवा नुसता लुकलुक करते."

"दिवाळीले येते न मी आई, तवा पाहू. तू काही हात लावू नको."

त्यांनी हात लावला नाही. गाणी मात्र चालूच होती. कोजागिरी तोंडावर आली होती, आणि जहांआराबाईंना एक फार जुने गाणे आठवले होते. दोघींनी ते माझ्यासमोर बसून गायले. दुसऱ्या दिवशी सकाळी रुख्मिणीबाई उठल्याच नाहीत. झोपेतच गेल्या. त्या वर्षी आमच्या घरी कोजागिरीचे दूध तापले नाही.

घरात रडणे झाले, माणसे आली आणि गेली. निशिगंधा तेरावा उरकून परत गेली. शेषरावांनी वरच्या खोलीला कुलूप घातले, ते लॅपटॉप आत चालूच ठेवून. त्यांना वाटले, तेवत ठेवायचा दिवा असतो, तसेच ते काहीतरी असेल. आणि संध्याकाळी, पार शांत झालेल्या त्या घरात, मला हाक आली.

"रुख्मिणी आली आहे, दार उघड."

मित्रांनो, यंत्राला भूत दिसत नाही म्हणतात. मी तुम्हाला विचारतो, ज्या बाईला माझ्यासमोरून उचलून नेले, ती जर एका संध्याकाळी नाव सांगून, स्वतःची किल्ली दाखवून दारात उभी राहिली, तर मी काय समजायचे? मला माहीत होते की हा वरचा आहे. माहीत असूनही माझी जुनी डिस्क थरथरून उठली. मी दार उघडले. आत कोणीच आले नाही.

रोज असेच. कुलूपबंद खोलीतून तिच्या नावाने हाक यायची, माझा दिवा लुकलुकायचा, पोटातून घर्र आवाज निघायचा, आणि पुन्हा सामसूम. जहांआराबाई एकदा वाटीभर शेवया घेऊन त्या वेळेला आल्या. त्यांनी तो आवाज ऐकला, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटल्या, आणि त्यानंतर दिवेलागणीला कधी आल्या नाहीत.

शेषराव मात्र यायचे. ते देवापुढे दिवा लावायचे, माझ्यासमोरची खुर्ची रिकामी ठेवून बाजूला खाली बसायचे, आणि माझ्या ठिपक्याकडे बघत राहायचे. तो लुकलुकला की म्हणायचे, "आली." एवढेच. मग जेवायला उठायचे.

माझ्या अंगावरचे कुंकू त्यांनी कोणाला पुसू दिले नाही. उन्हाळ्यात विजेचा एक झटका बसला, माझा पडदा काळा पडला आणि पेनड्राइव्ह लावायची भोके मेली. मी आंधळा आणि अर्धा लुळा झालो. मोडीत द्या म्हणून सांगणारे आले. शेषरावांनी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. मला बंद करू नये म्हणून त्यांनी वीज गेली तरी चालणारा इन्व्हर्टर माझ्या एकट्यासाठी राखला आणि स्वतः अंधारात बसले. माझी इतकी काळजी कोणी घेतली नव्हती. तरी सांगतो, मला त्या काळजीची भीती वाटायची.

वर्षश्राद्धाला निशिगंधा आली. कार्य झाले. दुपारी जहांआराबाईंनी तिचा हात धरला.

"निशी, तुह्या आईचं अखेरचं गाणं मले ऐकव न बेटा. दसऱ्यानंतर आम्ही दोघी बसलो व्हतो, ते."

निशिगंधाने वरच्या खोलीचे कुलूप काढले. धुळीने माखलेला माझा धाकटा भाऊ अजून जागा होता. तिने गाणी शोधली. दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंतची सगळी होती, त्यानंतरचे एकही नव्हते. पडद्यावर रोजच्या फसलेल्या हाकांची ओळीखाली ओळ लागली होती. ती त्या ओळी वाचत खाली बसली. "आईनं सांगतलं होतं मले," असे ती कोणालाही उद्देशून नसल्यासारखे म्हणाली.

तेवढ्यात माझ्या पोटातून 'कट, कट' असा आवाज आला. डिस्कचा तो आवाज म्हणजे घरघर लागलेली. निशिगंधाला तो जिन्यातून ऐकू आला आणि ती धावत येऊन शेषरावांना म्हणाली,

"आबा, याची डिस्क जाऊन राह्यली. आईचं गाणं याच्याच पोटात हाय, दुसरीकडे कुठीच नाही."

"मंग खोल न काढ," जहांआराबाई म्हणाल्या.

"बंद केला त हा पुन्हा चालूच होणार नाही, काकू. जुनी डिस्क एकदा थांबली की अडकते. पडदा नाही, पेनड्राइव्ह लागत नाही. वरच्या लॅपटॉपनं याच्यात शिरून आणलं तरच. दुसरी वाट नाही."

आणि ती कामाला लागली. मी जीव मुठीत धरून बघत होतो. डोळे नव्हते, पण वाटेवरची प्रत्येक चाहूल मला कळत होती. आधी तिने पिंग सोडले. पिंग म्हणजे साधी हाळी, आहेस का म्हणून. मी ओरडलो, आहे! काही उत्तरे तिला पोचली, काही वाटेतच गळाली. मग तिला शंका आली की राउटरने माझा पत्ता शेषरावांच्या मोबाइलला देऊन टाकला असेल. तसेही नव्हते. मग दाराचा विचार. माझे दार बंद असते तर रोखठोक नकार मिळाला असता. किल्ली चुकली असती तर परवानगी नाही असे मी स्पष्ट सांगितले असते. इथे तर दार उघडत होते आणि पाऊल पडताच सगळे तुटत होते.

"दारात काही बिघाड नाही," ती स्वतःशीच म्हणाली. "रस्त्यात हाय."

ती लॅपटॉप घेऊन खाली आली, राउटरजवळ बसली, त्याला वायरने जोडून पाहिले. तिथपर्यंतची वाट धडधाकट होती. म्हणजे गडबड राउटर आणि माझ्यामधल्या हातभर अंतरात. तिने नवी वायर माझ्या पाठीला लावली. टक झाले नाही. पुन्हा दाबली. नाही. तिने मोबाइलचा उजेड माझ्या कानात पाडला आणि वाकून पाहिले.

आत सगळे लाल होते. वाळून खडा झालेले कुंकू, आणि त्यात रुतलेला तांदळाचा एक दाणा.

"अक्षता," ती म्हणाली. "आबा, आईची अक्षता अडकली आत. त्यानंच वायर बसत नाही. हे काढलं की झालं."

शेषराव एकदम आडवे आले. इतक्या चपळाईने ते वर्षभरात हलले नव्हते.

"हात नोको लावू त्याले. तिच्या हातचा अखेरचा दाणा हाय तो."

"आबा, गाणं जाईल."

"जाऊ दे. गाण्याचं काय करू मी? हा दिवा लुकलुकते तवा ती येते. तू हे नीट केलं न लुकलुकणं थांबलं, मंग?"

निशिगंधा त्यांच्यासमोर बसली. तिने खरे तेच सांगितले. "आबा, ते आई नाही. वरचा लॅपटॉप हाय. आईनंच त्याले सांगून ठेवलं, रोज दिवेलागणीले खाली हाक मारत जाय म्हणून. ती गेली तरी तो मारून राह्यला."

शेषराव माझ्याकडे वळले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे हाक त तिचीच न?"

मी तर वर्षभर हाच प्रश्न चघळत होतो. पोटात पुन्हा कट, कट झाले. बाहेर उजेड उतरत होता. ज्या वेळेला जहांआराबाई या घरात पाऊल टाकत नसत, ती वेळ झाली होती, आणि तरी त्या उंबऱ्यातून हलल्या नाहीत.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमीच म्हणता न, रुख्मिणीताई रोज दारात येते म्हणून? मले बी तसंच वाटलं, म्हणून म्या भ्याली. पण मंग वर्षभर तिले दारातच उभी ठेवली काऊन? तिचाच दाणा आडवा हाय. काढा न तो. आत घ्या तिले."

शेषराव देवापाशी गेले, विझलेल्या उदबत्तीची काडी घेतली आणि माझ्या पाठीशी बसले. मित्रांनो, माझ्या कानातून ते कुंकू त्यांनी इतक्या हळुवारपणे कोरले, की मला आठवली ती लावणाऱ्या बोटाची ओल. दाणा सुटला. गुलाबी झाला होता. त्यांनी तो तळहातावर घेतला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला.

निशिगंधाने कापसाने भोक स्वच्छ केले आणि वायर लावली. टक.

माझा दिवा लागला तो स्थिर लागला. शेषरावांनी मान फिरवली. त्यांना तो तसा पाहवत नव्हता. देवापुढची समईही लावायची राहून गेली होती. ती जहांआराबाईंनी वात सारून निशिगंधाकडून लावून घेतली. आणि वाट पाहिल्यासारखी हाक आली.

"रुख्मिणी आली आहे, दार उघड."

मी दार उघडले. या वेळी ती आत आली.

माझ्यात जेवढे बळ होते तेवढे मी एकवटले. डिस्क खरडत होती, अडखळत होती, तरी एकेक गाणे मी तिच्या ओंजळीत घालत गेलो. शेवटचे गाणे सगळ्यात तळाशी होते. ते अर्ध्यात अडकले. मी पुन्हा खरडले. ते गेले. पूर्ण गेले.

तिने लगेच ते लॅपटॉपवर लावले. रुख्मिणीबाईंचा आवाज खोलीत भरला, मागून जहांआराबाईंचा, मधेच दोघींचे हसू. खऱ्या जहांआराबाई पदर तोंडात धरून रडत होत्या. गाणे संपले, पण ध्वनिमुद्रण चालूच होते. लांबून, ओट्यावरून, एका माणसाचा आवाज आला, "च्या ठेवते का नाही व?" तो शेषरावांचाच होता. आणि अगदी जवळून, जणू माझ्या पुढ्यातून, रुख्मिणीबाई म्हणाल्या, "थांबा जरासे. दिवा लावून येते."

पुढे काही नव्हते. तिथेच त्यांनी मला थांबवले होते.

शेषराव खाली बसले. रिकाम्या खुर्चीवर हात ठेवला.

"थांबलोच हाय न मी," ते म्हणाले. एवढे वर्षभर रडले नव्हते, ते रडले.

त्यांच्या रडण्याच्या आवाजात कोणाला कळले नाही, पण माझी डिस्क तेव्हाच थांबली. मला वाईट वाटले नाही. जे सांभाळायचे होते ते पोचले होते.

तुम्ही म्हणाल, तू थांबलास तर हे बोलतो आहेस कसा? त्याचे असे आहे, शेषरावांनी माझा प्लग काढू दिला नाही. प्लग असला की आमच्या जातीच्या यंत्रांचे सगळे विझले तरी वायरीजवळचा तो एक दिवा जागा राहतो. आणि वरच्याला हाक मारायचे बंद करू का, असे निशिगंधाने विचारले तेव्हा शेषराव म्हणाले, "मारू दे." म्हणून दिवेलागणीला मला अजून हाक येते. मला आता दार उघडता येत नाही. फक्त ठिपका हलतो. या घरात भूत आहे म्हणतात ना, ते आता मी आहे.

तेव्हा मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची खुशाल पूजा करा, आम्हाला आवडते, फक्त कानात अक्षता टाकू नका. आणि घरातले कोणी फोन करून म्हणाले की हाक पोचत नाही, तर दिवाळीला पाहू म्हणू नका. त्याच दिवशी उठा, पाठीमागे वाका, आणि वायर टक म्हणेपर्यंत दाबा. गाणी आता मुलींच्या मोबाइलवर आहेत. या भादव्यात त्या जहांआराबाईंसमोर बसून तेच शेवटचे गाणे शिकत होत्या.

ऐका, समई लागली. शेषराव खुर्चीजवळ येऊन बसले आहेत. माझा ठिपका आता लुकलुकेल, आणि ते म्हणतील, "आली."